अमृताचा सातबारा कोणाच्या नावावर?

१. अमरत्वाच्या शोधावरच्या विज्ञानकथांत औषध शोधणारा शास्त्रज्ञ क्वचितच मुख्य खलनायक असतो. त्याच्या मागे एक कंपनी असते, कंपनीमागे वकील असतात आणि वकिलांच्या हातात एक करारनामा असतो. या कथा भविष्याची भाकिते म्हणून वाचण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात त्या मालकीहक्काच्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत. दीर्घायुष्य भयंकर नसते; दीर्घायुष्यावरची बेमुदत मालकी भयंकर असते, हे त्यांचे खरे म्हणणे. हा धागा त्याच म्हणण्याचा तीनशे वर्षांचा माग काढतो.

२. आरंभ १७२६ पासून करणे योग्य ठरेल. त्या वर्षी जोनाथन स्विफ्टचे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ प्रसिद्ध झाले. तिसऱ्या भागात गलिव्हर लगनॅग नावाच्या देशात पोहोचतो. तिथे क्वचित एखादे मूल कपाळावर खूण घेऊन जन्मते. ते कधीच मरत नाही. अशांना स्ट्रल्डब्रग म्हणतात. गलिव्हर प्रथम हरखून जातो. नंतर त्याला कळते की त्यांना मरण नाही, पण म्हातारपण आहे. दात, स्मृती, चव, सारे एकेक करून जाते आणि माणूस तेवढा उरतो. एवढा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. त्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि महत्त्वाचा आहे तो तोच.

३. लगनॅगमध्ये या अमर माणसांसाठी स्वतंत्र कायदा आहे. ऐंशी वर्षे पूर्ण होताच स्ट्रल्डब्रग कायद्याच्या दृष्टीने मृत ठरतो. त्याची मालमत्ता वारसांकडे जाते, जमीन विकत घेण्याचा त्याचा हक्क संपतो, निर्वाहापुरती तजवीज तेवढी राहते. कारणही स्विफ्ट स्पष्ट देतो: वय वाढते तसा लोभ वाढतो, न मरणारे लोक मालमत्ता धरून बसले तर कालांतराने सारा देश त्यांच्या मालकीचा होईल आणि सत्ताही त्यांच्याच हाती जाईल. विज्ञानकथा हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी त्या कथेची मुख्य भीती आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही कागदावर उतरले होते. शरीर कितीही जगो, मालकीला मुदत हवी.

४. परंतु स्विफ्टच्या काळी एक स्ट्रल्डब्रग इंग्लंडमध्ये खरोखरच वावरत होता आणि त्याला ऐंशी वर्षांचा नियम लागू नव्हता. त्याचे नाव कॉर्पोरेशन. १६१२ साली सटन्स हॉस्पिटलच्या खटल्यात सर एडवर्ड कोक यांनी तिचे जे वर्णन केले, ते आजही कायद्याचे विद्यार्थी शिकतात. ती अदृश्य आहे, अमर आहे, केवळ कायद्याच्या कल्पनेत वसते. तिला आत्मा नसल्यामुळे तिला धर्मबहिष्कृतही करता येत नाही. सभासद येतात, मरतात. संस्था तशीच राहते. कायद्याने निर्माण केलेली ही पहिली चिरंजीव व्यक्ती.

५. या चिरंजीवाची सर्वांत ठळक ओळख भारताला झाली. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. ती विसर्जित झाली १८७४ मध्ये. माणसाच्या चार आयुष्यांपेक्षा जास्त. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १७९३, १८१३, १८३३ या सनदी कायद्यांची वर्षे स्पर्धापरीक्षेसाठी पाठ केली जातात. पण त्यांतल्या वीस-वीस वर्षांच्या अंतराकडे फारसे कोणी पाहत नाही. दर वीस वर्षांनी कंपनीला संसदेपुढे उभे राहून आपले आयुष्य मागून घ्यावे लागे, आणि दर वेळी संसद काहीतरी काढून घेई. १८१३ ला भारतीय व्यापाराची मक्तेदारी गेली, १८३३ ला चीनच्या व्यापाराची. मुदत होती, म्हणून हिशेब मागता आला.

६. एकोणिसाव्या शतकात ही मुदत विरून गेली. ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने कंपनी स्थापण्यासाठी स्वतंत्र सनदेची गरज राहिली नाही, नोंदणी पुरेशी झाली. १८५५ मध्ये भागधारकांची जबाबदारी मर्यादित झाली. अमेरिकेत १८८६ च्या सांता क्लारा प्रकरणापासून घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचे संरक्षण कंपन्यांनाही लागू मानले जाऊ लागले. ती दुरुस्ती झाली होती गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांच्या रक्षणासाठी. आता पटावर दोन प्रकारच्या व्यक्ती होत्या: एक मर्त्य, एक अमर्त्य. अमर्त्य व्यक्तीने मर्त्य व्यक्तीला आयुष्य विकायला काढले तर काय होईल? विसाव्या शतकातील विज्ञानकथेने हा प्रश्न उचलला.

७. प्रश्न हवेतून आला नव्हता. १९२० मध्ये पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ या शल्यचिकित्सकाने माकडांच्या वृषणग्रंथींचे काप माणसांच्या शरीरात बसवण्यास सुरुवात केली. तारुण्य परत मिळेल, अशी आशा त्यामागे होती. धनिकांची रीघ लागली. पुढे माकडे पुरवण्यासाठी त्याने रिव्हिएराच्या किनाऱ्यावर प्राणिपालनकेंद्रही उभारले. व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाखची शस्त्रक्रिया याच आशेवर चालत होती. सिग्मंड फ्रॉइड आणि पुढे कवी यीट्स यांनीही ती करून घेतली. कॉनन डॉइलने १९२३ मध्ये शेरलॉक होम्सला माकडाच्या लशीचे प्रकरण सोडवायला लावले, बुल्गाकोव्हने १९२५ मध्ये ‘कुत्र्याचे हृदय’ लिहिले. तारुण्याचा बाजार आधी उघडला. त्यावरची कथा मागाहून आली.

८. याच दशकात, १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये, प्रागच्या रंगभूमीवर कारेल चापेकचे ‘मॅक्रोपुलोस प्रकरण’ आले. सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या वैद्याने तीनशे वर्षे आयुष्य देणारे सूत्र शोधले आणि ते आपल्या सोळा वर्षांच्या मुलीवर आजमावून पाहिले. ती मुलगी आता ३३७ वर्षांची आहे, प्रख्यात गायिका आहे आणि औषधाची मुदत संपत आल्यामुळे सूत्राचा कागद शोधते आहे. नाटक सुरू होते ते प्रयोगशाळेत नव्हे, वकिलाच्या कार्यालयात. तिथे एका इस्टेटीचा जवळपास शंभर वर्षे रखडलेला दावा चालू आहे. मालमत्तेचा खटला आणि आयुष्याचा कागद एकाच दप्तरात सापडतात, ही रचना योगायोगाची नाही.

९. शेवटच्या अंकात सूत्राचे काय करायचे यावर वाद होतो. वकिलाचा कारकून म्हणतो, ते सर्वांना द्यावे. सरदार म्हणतो, निवडक श्रेष्ठांनाच द्यावे. वकिलाचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: करार, निवृत्तिवेतन, विमा, वारसा ही सारी व्यवस्था माणूस लवकर मरतो या गृहीतकावर उभी आहे. अखेरीस एक तरुण मुलगी तो कागद जाळून टाकते. चापेकने याआधीच्या ‘आर. यू. आर.’ मध्येही हेच केले होते. तिथे यंत्रमानव बनवून विकणाऱ्या कंपनीचे मूळ हस्तलिखित आगीत जाते. रंगमंचावर हा शेवट प्रभावी वाटतो. इतिहास मात्र असा चालत नाही. एका कागदाची राख झाली तरी दुसऱ्या देशातला दुसरा संशोधक तेच सूत्र पुन्हा शोधतो. ज्ञान जाळणे हा उपाय नव्हे; तो वकिलाच्या प्रश्नाचे उत्तर टाळण्याचा मार्ग होता.

१०. १९३९ मध्ये ऑल्डस हक्सलीने ‘आफ्टर मेनी अ समर’ या कादंबरीत कॅलिफोर्नियाचा एक अब्जाधीश उभा केला. त्याच्या मालकीची तेलसंपत्ती आहे, जमिनी आहेत, एक भव्य स्मशानभूमीही आहे. मरणावर पैसा कमावणारा हा गृहस्थ स्वतः मरणाला इतका भितो की त्याने आयुष्य लांबवण्यासाठी पगारी डॉक्टर ठेवला आहे. शोध घेता घेता इंग्लंडच्या एका तळघरात अठराव्या शतकातला एक सरदार जिवंत सापडतो. माशाची आतडी खाऊन तो दोनशे वर्षे टिकला आहे, आणि वानर झाला आहे. कादंबरीचा आघात त्यानंतर येतो: ते दृश्य पाहूनही अब्जाधीश मागे हटत नाही. वानर होण्यास किती काळ लागतो, एवढाच हिशेब तो मनात मांडू लागतो.

११. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत एकट्या धनिकाची जागा कंपनीने घेतली. पोल आणि कॉर्नब्लुथ यांच्या १९५३ च्या ‘द स्पेस मर्चंट्स’ मध्ये सेनेटर राज्यांचे प्रतिनिधी राहिलेले नाहीत, ते कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत आणि देश जाहिरात संस्था चालवतात. रॉबर्ट शेकलीच्या १९५९ च्या ‘इम्मॉर्टॅलिटी, इन्क.’ मध्ये मरणोत्तर जीवन ही विक्रीची वस्तू झाली आहे. मन टिकवण्याचे तंत्र कंपनीकडे आहे. ज्याला परवडते त्याला परलोकाची हमी मिळते आणि गरिबांची शरीरे श्रीमंतांना राहण्यासाठी विकली जातात. दूरचित्रवाणी, हप्त्यांवरची खरेदी आणि जाहिराती यांनी भारलेल्या समाजाने लिहिलेली ही कथा होती. तिच्यात विमाकंपनीच्या विक्रेत्याचा आवाज ओळखू येतो.

१२. साठच्या दशकात कल्पना आणि व्यवहार यांतले अंतर आणखी घटले. १९६४ मध्ये रॉबर्ट एटिंगर यांचे ‘द प्रॉस्पेक्ट ऑफ इम्मॉर्टॅलिटी’ मोठ्या प्रकाशनगृहातर्फे बाजारात आले. मृत्यूनंतर शरीर गोठवून ठेवावे, पुढे विज्ञान प्रगत झाल्यावर ते जिवंत करावे, असा त्यांचा प्रस्ताव. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचे शरीर कॅलिफोर्नियात असे गोठवले गेले. ते आजही ॲरिझोनातील एका संस्थेच्या ताब्यात आहे. अमरत्वाला आता टाकी होती, दरमहा खर्च होता आणि शुल्कही होते.

१३. दरम्यान सिॲटल शहरात एक खरी घटना घडली होती. तिचा गोठवलेल्या देहांशी संबंध नव्हता, पण प्रश्न तोच होता. १९६० मध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडण्याची युक्ती काढली आणि मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगू लागला. यंत्रे मोजकी, रुग्ण पुष्कळ. १९६२ मध्ये तिथे सात सामान्य नागरिकांची समिती नेमण्यात आली. कोणाला यंत्र द्यायचे हे ती ठरवत असे. वय, कुटुंब, उत्पन्न, शिक्षण, समाजाला होणारा उपयोग अशा निकषांवर माणसांची निवड होई. त्या वर्षाअखेर ‘लाइफ’ नियतकालिकाने ही हकीकत छापली, तेव्हा अमेरिका हादरली. समितीतली माणसे दुष्ट नव्हती. यंत्रे कमी असताना निवड कोणीतरी करणारच होते.

१४. या पार्श्वभूमीवर नॉर्मन स्पिनरॅडची ‘बग जॅक बॅरन’ ही कादंबरी आली. १९६७ च्या अखेरीपासून ती लंडनच्या ‘न्यू वर्ल्ड्स’ मासिकात क्रमशः छापली जाऊ लागली. संपादक होते मायकल मूरकॉक. भाषा शिवराळ, लैंगिक वर्णने उघड. डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या विक्रेत्याने अंक ठेवण्यास नकार दिला. मासिकाला सरकारी कला परिषदेचे अनुदान असल्यामुळे विषय ब्रिटिश संसदेतही निघाला. पुस्तकरूपाने ती १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. गदारोळ अश्लीलतेवरून झाला. कादंबरीतला खरा स्फोटक मजकूर मात्र एका विधेयकाविषयी होता.

१५. कथेतला बेनेडिक्ट हॉवर्ड्स अमरत्वाच्या फाउंडेशनचा प्रमुख आहे. नाव लोकहिताच्या संस्थेचे, वर्तन मक्तेदार कंपनीचे. पन्नास हजार डॉलर जमा करणाऱ्याचे शरीर ती गोठवते. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला मरण कायमचे. हॉवर्ड्सला संसदेकडून कायद्याने मक्तेदारी हवी आहे आणि त्यासाठी तो खासदार विकत घेत सुटला आहे. त्याच्यासमोर उभा राहतो जॅक बॅरन. दूरचित्रवाणीवर लोकांच्या तक्रारी थेट ऐकणारा, दहा कोटी प्रेक्षकांचा निवेदक. एकेकाळचा चळवळीतला कार्यकर्ता, आता यशस्वी आणि सावध. एका रात्री एक कृष्णवर्णीय माणूस फोन करतो: फाउंडेशन आपल्याला नाकारते आहे, कारण आपली कातडी काळी आहे. तिथून धागा उलगडू लागतो.

१६. पुढे जे उघडकीस येते ते गोठवण्यापेक्षा भीषण आहे. फाउंडेशनला खरे अमरत्व सापडलेले आहे, पण त्यासाठी लहान मुलांच्या ग्रंथी लागतात आणि त्या काढताना मुले मरतात. मिसिसिपीतल्या एका गरीब बापाने पैसे घेऊन आपली मुलगी दिलेली असते. हॉवर्ड्स बॅरनला आणि त्याच्या पत्नीला हे उपचार देऊ करतो आणि करारावर सह्या घेतो. करारात एक कलम असते: उपचाराच्या सर्व परिणामांची कायदेशीर जबाबदारी लाभार्थ्याची. म्हणजे सही करणारा खुनाचा भागीदार झाला. तोंड उघडले तर तोही फासावर जाणार. संपूर्ण कादंबरीत बंदुकीपेक्षा हा कागद अधिक घातक ठरतो. लाभ देणे आणि गुन्ह्यात ओढणे, दोन्ही एकाच सहीत उरकले जाते.

१७. मराठी वाचकाला या ठिकाणी ययाती आठवल्यावाचून राहणार नाही. शुक्राचार्यांच्या शापाने आलेले वार्धक्य त्याने मुलांपुढे ठेवले आणि त्यांचे तारुण्य मागितले. दोन्ही कथांचा गाभा एक आहे: म्हाताऱ्याचे वाढलेले आयुष्य कोणा तरी कोवळ्याच्या वाट्यातून येते. पण फरकही डोळ्यांत भरतो. ययातीने स्वतः मागितले, समोर उभे राहून मागितले. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू यांनी नकार दिला. शाप मिळाला, पण नकार देता आला. पुरूने दिले ते जाणून दिले आणि अखेर त्याचे तारुण्य त्याला परत मिळाले. स्पिनरॅडच्या मुलांना कोणी विचारले नाही, आणि घेणाऱ्यालाही त्यांचा चेहरा पाहावा लागला नाही. मधल्या जागेत कंपनी उभी होती.

१८. बॅरनची पत्नी जीव देऊन त्याला त्या करारातून मोकळे करते आणि तो सारे प्रकरण थेट प्रक्षेपणात उघड करतो. हा शेवट चापेकच्या आगीपेक्षा पुढचा आहे, कारण इथे रहस्य नष्ट होत नाही, जाहीर होते. तरीही तो अपुरा आहे. एक खलनायक पडला. मक्तेदारी पुन्हा कोणी उभारू नये यासाठी कायदा काय म्हणतो, हे अनुत्तरित राहते. वास्तवाने तर वेगळीच बाजू दाखवली. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ येथील स्मशानभूमीतले गोठवलेले नऊ देह वितळून कुजल्याचे उघडकीस आले. पैसा आटला होता, शीतकरण बंद पडले होते. अमरत्व विकणाऱ्या संस्थेलाच मरण आले होते.

१९. आता प्रत्यक्ष इतिहासातील औषधांकडे वळावे लागेल, कारण या कथांची कसोटी तिथेच लागते. १९२१-२२ मध्ये टोरंटोत इन्सुलिन सापडले. मधुमेही मूल म्हणजे निश्चित मृत्यू, हे समीकरण मोडले. संशोधकांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात दिले. फ्रेडरिक बँटिंगने तर पेटंटवर आपले नावही घातले नाही. हॉवर्ड्सच्या अगदी उलट वागणारी ही माणसे. तरीही शंभर वर्षांनी अमेरिकेत इन्सुलिन इतके महाग झाले होते की २०२२ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यासाठी त्याचा मासिक खर्च ३५ डॉलरवर बांधण्याचा कायदा करावा लागला. सज्जनपणा एका पिढीपुरता पुरतो. पुढच्या पिढ्यांना नियम लागतो. डायलिसिसचेही तसेच. समितीचा पेच सुटला तो १९७२ मध्ये, अमेरिकी संसदेने त्याचा खर्च सरकारी विम्यात घातला तेव्हा.

२०. आणि इथे कथेची वाट भारतात येते. स्वातंत्र्यानंतरही वसाहतकालीन पेटंट कायदा लागू होता आणि औषधे सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारित पेटंट कायदा १९७० मध्ये संमत झाला. औषध या वस्तूवर पेटंट मिळणार नाही, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल आणि तेही कमाल सात वर्षे, अशी तरतूद झाली. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा राहिली. लगनॅगचा नियम भारताने रेणूला लावला, असे म्हणता येईल.

२१. परिणाम तीस वर्षांनी जगाला दिसला. एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. आफ्रिकेत लाखो माणसे औषध अस्तित्वात असताना मरत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. लक्षणीय बाब ही की देऊ करणारीही कंपनीच होती, नफा कमावणारी, समभागधारक असलेली. कंपनी हा शब्दच शाप असता तर असे घडले नसते. वेगळा होता तो तिच्या भोवतालचा कायदा.

२२. जागतिक व्यापार करारामुळे २००५ मध्ये भारताला औषधांवर वीस वर्षांचे वस्तू-पेटंट मान्य करावे लागले. मात्र संसदेने कायद्यात कलम ३(ड) ठेवले: जुन्या द्रव्याचे नवे रूप गुणकारितेत लक्षणीय भर घालत नसेल, तर त्याला पेटंट नाही. कारण कंपन्यांचा एक रिवाज होता. मुदत संपत आली की औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवायचे आणि मक्तेदारीचे आयुष्य वाढवायचे. आयुष्य वाढवण्याचा सर्वांत यशस्वी प्रयोग माणसावर झालेला नाही. तो पेटंटवर झाला आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या बाबतीत नोव्हार्टिसचे अपील फेटाळले, ते याच कलमाच्या आधारे. कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर जाई. भारतीय पर्याय सुमारे दहा हजारांत मिळत असे.

२३. त्याआधी एक वर्ष, मार्च २०१२ मध्ये, मुंबईत बसणाऱ्या पेटंट नियंत्रकांनी आणखी एक आदेश दिला होता. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील नेक्साव्हार या बायरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. पेटंट वैध होते. तरीही औषध लोकांना परवडणाऱ्या दरात मिळत नाही, या कारणाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना मिळाला: किंमत ८,८८० रुपयांच्या आत, आणि बायरला विक्रीवर स्वामित्वशुल्क. मालकी हिरावली नाही. तिच्यावर एक अट घातली.

२४. यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो उडवून लावणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. औषध शोधायला प्रचंड भांडवल लागते, बहुतेक प्रयोग फसतात, आणि मक्तेदारीचे आमिष नसेल तर कोणी पैसा घालणार नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. म्हणूनच कंपनी जाळा, पेटंट जाळा हे चापेकी उत्तर टिकत नाही. परंतु आमिष आणि वतन यांत फरक असतो. वीस वर्षांचा हक्क हे श्रमाचे मोल झाले. तो पुन्हा पुन्हा वाढवून घेणे म्हणजे वतन झाले. वतनदारीने रयतेचे काय केले हे महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

२५. हा वाद जुना म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. २०१३ मध्ये गूगलने वार्धक्याच्या संशोधनासाठी कॅलिको ही कंपनी काढली. २०२२ मध्ये पेशींना पुन्हा तरुण करण्याच्या उद्दिष्टाने आल्टॉस लॅब्ज तीन अब्ज डॉलरच्या भांडवलासह सुरू झाली. यांत निषिद्ध काही नाही. स्मृतिभ्रंशासारखा आजार टळला तर कोणाला नको आहे? कथाकारांचे काम मात्र चालूच आहे. रिचर्ड मॉर्गनच्या २००२ च्या ‘ऑल्टर्ड कार्बन’ मध्ये श्रीमंत शतकानुशतके शरीरे बदलत जगतात आणि सत्ता सोडत नाहीत; २०११ च्या ‘इन टाइम’ चित्रपटात उरलेला वेळ हेच चलन आहे, हातावर दिसणारे. तीनशे वर्षांपूर्वीच्या लगनॅगमधली भीती जशीच्या तशी आहे. कमी आहे तो तिथला ऐंशी वर्षांचा नियम.

२६. तत्त्वज्ञ अमरत्वाच्या कंटाळ्याची चर्चा करतात. बर्नार्ड विल्यम्स यांचा १९७३ चा मॅक्रोपुलोसवरील निबंध त्यासाठी प्रसिद्ध आहे. ती चर्चा पोट भरलेल्यांची आहे. ज्याला औषधच मिळाले नाही त्याला कंटाळा येण्याइतके आयुष्य मिळत नाही. म्हणून अशी एखादी कादंबरी हाती आली तर प्रयोगशाळेच्या वर्णनापाशी रेंगाळू नये. तिच्यातला कागद शोधावा: हक्क कोणाचा, किती वर्षांचा, आणि मुदत संपल्यावर कोणाकडे जाणार. कंपनी सरकारला वीस वर्षांनी पुन्हा दारात उभे करणारी संसद अखेर परकीय होती, आपल्याच फायद्याचे पाहणारी होती. आज तो प्रश्न विचारण्याचा अधिकार भारतीय नागरिकाकडे आहे, कलम ३(ड) च्या रूपाने तो एकदा वापरलाही गेला आहे. पुढचे अमृत कोणत्याही प्रयोगशाळेतून येवो, त्याच्या सातबाऱ्यावर मुदतीचा रकाना भरलेला आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्याच नागरिकाचे आहे.